अंश दाखवलात, छेद कुठे आहे?

डोंबिवलीतल्या एका मंगल कार्यालयात रविवारी सकाळी गेलो होतो. लग्नाला नव्हे. आदल्या दिवशीच्या लग्नाचे झेंडू अजून खांबांवर लटकत होते आणि जिथे नवरा-नवरी बसतात तिथे पडदा लावून त्यावर एका माणसाच्या शेअर बाजारातल्या नफ्याचे हिरवे आकडे दाखवले जात होते. पुतण्याने ओढून नेलं होतं. ‘काका, एकदा ऐका तर खरं.’ दोन तास ऐकलं. प्रवेश मोफत, पुढच्या ‘ॲडव्हान्स’ वर्गाची फी पंचेचाळीस हजार, त्याच दिवशी भरली तर पस्तीस. वक्त्याचं नाव सांगत नाही, कारण तो एकटा नाही. हेच भाषण थोड्याफार फरकाने गावोगावच्या कार्यालयांत आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये चालू आहे. त्यातलं एक वाक्य त्याने तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या : ‘नशीब हा हरणाऱ्यांचा शब्द आहे.’

टाळ्या का पडल्या ते मला कळतं. आपण सगळे ‘प्रयत्नांती परमेश्वर’ ऐकत वाढलो. पत्रिकेतल्या शनीवर खापर फोडून ओट्यावर बसून राहिलेले एक-दोन नातेवाईक प्रत्येकाच्या घरात असतात, आणि त्यांच्यासारखं व्हायचं नाही ही जिद्दही असते. त्या जिद्दीला हे वाक्य बरोबर भिडतं. म्हणूनच ते खोडून काढायला हवं.

आधी हिशेब. सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने वायदे आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत असे एक कोटीहून अधिक लोक होते. त्यांतल्या ९३ टक्के लोकांना तोटा झाला, खर्च धरून माणशी सरासरी दोन लाखांचा. एकूण तोटा १.८ लाख कोटींवर. खर्च वजा जाता एक लाखापेक्षा जास्त नफा कमावणारे किती? एक टक्का. पुढच्या वर्षीच्या अभ्यासातही चित्र पालटलं नाही. तोट्यातल्यांचं प्रमाण ९१ टक्के होतं आणि एका वर्षाचा तोटा एक लाख कोटींच्या पुढे गेला होता.

वक्त्याला हे आकडे माहीत होते. त्याने स्वत:च ते पडद्यावर आणले आणि विचारलं, ‘तुम्हाला त्र्याण्णवात राहायचंय की सातात यायचंय?’ पुन्हा टाळ्या. इथेच माझा पहिला आक्षेप आहे. त्या सातांत जे आहेत ते अभ्यासाने तिथे पोहोचले, हे त्याने गृहीत धरलं होतं. सिद्ध काहीच केलं नव्हतं.

एक कोटी माणसं मैदानात उभी करा. प्रत्येकाच्या हातात एक रुपयाचं नाणं द्या. छापा पडला तर थांबायचं, काटा पडला तर घरी जायचं. पहिल्या फेरीनंतर पन्नास लाख उरतील, दुसरीनंतर पंचवीस. दहाव्या फेरीनंतरही मैदानात सुमारे ९,७६६ माणसं उभी असतील, आणि त्यांतल्या प्रत्येकाने सलग दहा वेळा बरोबर छापा पाडलेला असेल. त्यांना विचारा, कसं जमलं? कोणी म्हणेल, नाणं उडवण्याआधी मी दोन मिनिटं डोळे मिटतो. कोणी म्हणेल, लोभ आणि भीती यांवर विजय मिळवला. त्यांतला एखादा मंगल कार्यालय भाड्याने घेईल. खोटं कोणीच बोलत नसेल, हे लक्षात घ्या. डोळे त्याने खरंच मिटले होते. फक्त डोळे मिटून घरी गेलेले किती, ते तो सांगत नाही. कारण ते त्याला दिसलेच नाहीत.

शाळेत अपूर्णांक शिकवताना आमचे गुरुजी म्हणायचे, वरचा आकडा एकटा सांगितलास तर मी शून्य मार्क देईन. पडद्यावरचे हिरवे आकडे हा अंश होता. त्याच पद्धतीने, तेवढ्याच शिस्तीने, त्याच वर्गात पस्तीस हजार भरून व्यवहार केलेल्यांची एकूण संख्या हा छेद. दोन तासांत तो एकदाही उच्चारला गेला नाही.

कधीकधी छेद बाहेर येतो, पण चौकशी झाल्यावर. ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीने एका प्रसिद्ध बाजार-प्रशिक्षकाविरुद्ध अंतरिम आदेश काढला. वर्गांतून आणि सल्ल्यातून त्याने १७ कोटींवर रक्कम गोळा केल्याचं त्यात नमूद आहे. त्याच सुमाराच्या अडीच वर्षांत त्याच्या स्वत:च्या व्यवहारांत २.८९ कोटींचा तोटा होता. कौशल्य होतंच. फक्त ते शेअर विकण्याचं नसून वर्ग विकण्याचं होतं.

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो त्या वक्त्याकडे नव्हता, पण मी टाळणार नाही. नाणेफेकीचा हा दाखला मुळात वॉरन बफे यांनी १९८४ साली कोलंबिया विद्यापीठातल्या भाषणात दिला होता, आणि तो नशिबाची बाजू मांडायला दिलेला नव्हता. ते म्हणाले, समजा जिंकलेले बहुतेक जण एकाच गावचे निघाले तर? तर त्या गावात काहीतरी आहे, असंच म्हणावं लागेल. त्यांचं गाव म्हणजे बेंजामिन ग्रॅहम यांची शिकवण, आणि तिथून निघालेल्या गुंतवणूकदारांची अनेक वर्षांची कामगिरी त्यांनी समोर ठेवली.

मला हे मान्य आहे. बाजारात कौशल्य नसतंच, असं मी म्हणत नाही. म्हणणारे असतील तर त्यांनी त्यांचा वेगळा लेख लिहावा. पण बफे यांनी काय केलं ते पाहा. गावाचं नाव सांगितलं, गावकऱ्यांची पद्धत सांगितली आणि अनेक वर्षांचे हिशेब मांडले. डोंबिवलीच्या वक्त्याचं गाव कुठलं? त्याच्या मागच्या दहा तुकड्यांतल्या सगळ्या विद्यार्थ्यांचं काय झालं? ‘सगळ्या’ हा शब्द महत्त्वाचा. भिंतीवर फोटो लावलेल्या तिघांचं नव्हे.

आणि याच बफे यांनी पुढे एक पैज लावली. १ जानेवारी २००८ पासून दहा वर्षं. शंभराहून अधिक हेज फंडांत पैसे गुंतवणारे पाच निवडक फंड एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला अमेरिकेतल्या पाचशे मोठ्या कंपन्यांचा इंडेक्स फंड, जो चालवायला डोकं लागत नाही. दहा लाख डॉलरची पैज. दहा वर्षांनी इंडेक्स फंड १२५.८ टक्क्यांनी वाढलेला होता. त्या पाच फंडांची सरासरी वाढ साधारण ३६ टक्के. कौशल्याचा जगातला सगळ्यात मोठा दाखला म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात, त्याने स्वत:चे पैसे दुसऱ्यांच्या कौशल्यावर लावले नाहीत.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी २०११ च्या त्यांच्या पुस्तकात एक प्रसंग सांगितला आहे. एका संस्थेने त्यांना पंचवीस गुंतवणूक सल्लागारांची आठ वर्षांची कामगिरी तपासायला दिली. दर वर्षीची क्रमवारी त्यांनी दुसऱ्या वर्षाच्या क्रमवारीशी ताडून पाहिली. कौशल्य असतं तर वरचे साधारण वरच राहिले असते. सहसंबंध सरासरी ०.०१ निघाला, म्हणजे जवळपास शून्य. त्या क्रमवारीवर बोनस वाटले जात होते. कानेमन यांनी साहेबमंडळींना हे सांगितलं, मंडळींनी ऐकून घेतलं, जेवण झालं आणि कामकाज पूर्वीसारखं सुरू राहिलं.

हसू नका, कारण मीही त्या मंडळींपैकीच. माझ्याकडे एक निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. २०२० च्या एप्रिलात मी शेअर घ्यायला लागलो तेव्हापासून प्रत्येक खरेदी-विक्रीचं कारण तीत लिहिलं. पहिल्या पानावर एक औषध कंपनी : ‘साथ आहे, औषधं लागणार.’ दुप्पट झाली. तिसऱ्या पानावर एक हॉटेल कंपनी, वडिलांच्या वेळचे शेअर होते ते विकले : ‘हॉटेलं बंद, आता उठणार नाहीत.’ ती पुढे कितीतरी पट वर गेली. त्या नोंदीशेजारी लाल शाईत मीच नंतर लिहिलंय, ‘बाजार वेडा झालाय.’ औषधाच्या नोंदीशेजारी लाल शाईत काय? ‘अंदाज बरोबर!’ उद्गारचिन्हासकट. बायकोने वही चाळली आणि म्हणाली, ‘चुकतो तो बाजार आणि बरोबर ठरता ते तुम्ही, छान आहे की.’ नाचता येईना अंगण वाकडं, हे ठीकच. पण नाचता आलं की अंगण कोणी सारवून ठेवलं होतं ते कोणी विचारत नाही.

माझं अंगण कोणी सारवलं होतं ते सांगतो. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी पडून २५,९८१ वर आला. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो ६२ हजारांवर होता. त्या एप्रिलात डोळे मिटून काहीही घेतलेल्या माणसाचे पैसे बहुधा दुप्पट झाले असते. मग मी एप्रिलातच का घेतलं? पोस्टातली पाच वर्षांची ठेव तेव्हा पिकली म्हणून. ती एप्रिल २०१५ मध्ये का ठेवली होती? गावच्या घरावरून चुलतभावांशी चाललेला वाद त्या वर्षी मिटला आणि वाट्याचे पैसे आले म्हणून. म्हणजे चुलतभाऊ २०१५ साली समजुतीवर आले, म्हणून मी २०२० साली बाजाराचा जाणकार ठरलो. वाद तीन महिने आधी मिटता तर मी जानेवारीत, सेन्सेक्स ४२ हजारांच्या आसपास असताना, सगळे पैसे घातले असते. आणि माझं काळीज मला ठाऊक आहे, २३ मार्चला दुपारी सगळं विकून मोकळा झालो असतो. अक्कल तीच, वही तीच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि पुढची दोन वर्षं कावळा फांद्या मोडण्यावर व्याख्यानं देत हिंडला. हो, मी भिशीच्या बायकांपुढेसुद्धा बोललो आहे.

आपली भाषा याबाबतीत आपल्यापेक्षा प्रामाणिक आहे. आयपीओ ‘लागला’ म्हणतो आपण, जशी लॉटरी लागते, जसा म्हाडाच्या सोडतीत नंबर लागतो. मागणी जास्त असली की छोट्या गुंतवणूकदारांना शेअर कोणाला द्यायचे ते संगणकाच्या सोडतीनेच ठरतं. तरी पहिल्या दिवशी भाव चढला की आपण विचारणाऱ्याला कंपनीचा ताळेबंद समजावून सांगतो. गिरणगावात मटका खेळणारेही तक्ते ठेवायचे. कल्याणजी भगत १९६२ साली आणि रतन खत्री १९६४ साली त्या धंद्यात उतरले, आणि पुढे कित्येक वर्षं ओपन-क्लोजच्या जुन्या आकड्यांवर बोटं फिरवत लोक उद्याचा आकडा काढत बसले. पण आकडा लागला की तो माणूस नारळ फोडायचा. कार्यशाळा भरवायचा नाही.

‘पण शिस्त?’ वक्त्याचा आवडता शब्द. हरणाऱ्यांकडे शिस्त नव्हती. बरं. सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत पहाटे जाऊन बघा. बाजूबाजूच्या दोन खुर्च्यांवर दोन मुली, दोघी एकाच जिल्ह्यातून आलेल्या, मेसचा डबा एकच, नोट्स एकमेकींच्या. केंद्रीय लोकसेवा आयोगाला दर वर्षी दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त अर्ज येतात आणि जागा हजारेक. एक मुलगी कटऑफच्या एका गुणाने वर, दुसरी एका गुणाने खाली. वरच्या मुलीचा तालुक्यात सत्कार होतो, तिथे ती ‘सातत्य आणि चिकाटी’ यांवर बोलते. खरंच बोलते. पण तेच भाषण दुसरीलाही येतं, तिला कोणी बोलावत नाही. जिथे सगळेच तयारीचे असतात तिथे तयारीमुळे माणूस दारापर्यंत पोहोचतो. आत कोण जाणार ते अनेकदा एका पेपरातला एक प्रश्न ठरवतो. शिस्त लागतेच. शिस्त असलेले सगळे जिंकत नाहीत, हे सांगणं म्हणजे शिस्तीची निंदा नव्हे.

माझ्या पिढीकडे या बाबतीत बोट दाखवायलाच हवं. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट करून दिली. आमच्यातले मध्यम गुणांचे कितीतरी जण त्या दारातून आत गेले. बाहेर पडलो तर १९९१ चं उदारीकरण. जरा स्थिरावलो तर सन २००० च्या संगणक-घोळामुळे अमेरिकेला माणसं हवी झाली. एच-वन-बी व्हिसाची वार्षिक मर्यादा २००१ साली १,९५,००० वर गेली होती. आज न्यू जर्सीत किंवा बाणेरमध्ये बसून आम्ही पुतण्यांना सांगतो, ‘आम्ही मेहनत केली.’ केली, नाकारत कोण आहे? नव्वदच्या दशकात ज्यांचा म्हाडाच्या सोडतीत नंबर लागला ते काका आता त्याच घराची आजची किंमत सांगून नव्या जोडप्याला बचतीचे धडे देतात.

आणि त्या महाविद्यालयांचं दार उघडण्याच्या एकच वर्ष आधी, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. साच्यावर वीस-वीस वर्षं हात बसलेले विणकर होते त्यांत. सूत तुटल्याचं त्यांना आवाजावरून कळायचं. ते कौशल्य रातोरात कमी झालं नव्हतं. त्याला विचारणारं कोणी उरलं नाही. त्यांच्या मुलांना ‘नशीब हा हरणाऱ्यांचा शब्द आहे’ हे वाक्य ऐकवून बघावं, माझी तयारी आहे सोबत यायची.

त्या वाक्यातलं विष इथे आहे. ते जिंकणाऱ्याला फुगवतं एवढंच असतं तर मी लेख लिहिला नसता; फुगलेली माणसं आपण लग्नात-मुंजीत सहन करतोच. ते हरलेल्याला गुन्हेगार ठरवतं, आणि गुन्हेगार ठरलेला माणूस प्रायश्चित्त घ्यायला परत येतो. सेबीच्या त्याच अभ्यासात आहे : लागोपाठची वर्षं तोट्यात जाऊनही तोटा झालेल्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक लोक व्यवहार करतच राहिले. आणि या बाजारात उतरणाऱ्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांचं जाहीर उत्पन्न पाच लाखांच्या आत होतं. ‘खेळच तसा आहे’ असं त्यांना वाटलं असतं तर कदाचित थांबले असते. ‘माझंच चुकलं, स्टॉप लॉस पाळला नाही’ असं वाटल्यामुळे ते पुढचा वर्ग लावतात. हरणारा जितका स्वत:ला दोष देईल तितकी पुढच्या तुकडीची खुर्ची भरते.

खेळ तसा आहे म्हणजे काय, तेही सांगतो, नाहीतर ‘मराठी माणूस बाजाराला घाबरतो’ हे शेपूट मला लावलं जाईल. चांगल्या कंपन्यांचे शेअर घेऊन वर्षानुवर्षं बसलात तर कंपनी कमावते त्यात तुमचा वाटा असतो. तिथे सगळे मिळून पुढे जाऊ शकतात. ऑप्शनमध्ये एकाला मिळतो तो रुपया दुसऱ्याच्या खिशातला, आणि मध्ये दलाली आणि कर कापले जातात. समोर कोण बसलंय? आर्थिक वर्ष २०२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी या बाजारात सुमारे २८ हजार कोटींचा आणि स्वत:च्या पैशाने व्यवहार करणाऱ्या दलाली पेढ्यांनी सुमारे ३३ हजार कोटींचा ढोबळ नफा मिळवला, आणि त्यातला ९६-९७ टक्के नफा संगणकी अल्गोरिदमचा होता. कौशल्य शोधताय ना? ते तिथे आहे, तुमच्या विरुद्ध बाजूला. लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने ‘हिरो-झिरो’, म्हणजे सगळं किंवा काहीच नाही असा ऑप्शनचा डाव, खेळणाऱ्या मुलाकडे ते नाही, आणि त्याचा त्यात काही दोष नाही. त्याने इंडेक्स फंडात महिन्याला दोन हजार टाकावेत, आणि बाजार वर गेला की ‘वर गेला’ असं म्हणावं, ‘मी नेला’ असं म्हणू नये.

‘नशीब मान्य केलं तर लोक हातपाय गाळून बसतील,’ हा शेवटचा आक्षेप. हातपाय गाळून बसलेला शेतकरी दाखवा मला. नाशिक जिल्ह्यात २०२३ च्या डिसेंबरात लाल कांदा बाजारात येत होता. ७ तारखेला निर्यातबंदीचा आदेश निघाला, दुसऱ्या दिवशी लिलाव बंद पडले आणि भाव कोसळले. चार दिवस आधी ट्रॅक्टर भरून नेलेला आणि चार दिवस नंतर नेलेला, दोघांचं रोप, पाणी, खत सारखंच. आधी विकलेल्याने ‘माझं विक्रीचं तंत्र’ असा वर्ग काढल्याचं ऐकिवात नाही. त्याने पैसे मोजले, शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन बसला, आणि पुढच्या हंगामात दोघांनीही पुन्हा रोप टाकलं.

पुतण्याने पस्तीस हजार त्याच दिवशी भरले होते, मला न सांगता. गेल्या आठवड्यात मी त्याला म्हटलं, वर्ग सोड म्हणत नाही, ग्रुपवर फक्त एक प्रश्न टाक : आतापर्यंत तुमच्याकडे एकूण किती जण शिकले आणि खर्च वजा जाता त्यांतले किती जण आज नफ्यात आहेत? त्याने रात्री साडेनऊला प्रश्न टाकला. दहा वाजता त्याला ग्रुपमधून काढून टाकलं होतं.